आमची वाटचाल : ‘पोच’ या एका शब्दाचं भाडं

लातूर एमआयडीसीतली आमची डाळमिल वडिलांनी सुरू केली, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. तूर घ्यायची, भिजवायची, वाळवायची, भरडायची. डाळ व्यापाऱ्याला, चुणी जनावरांना. यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं ते नांदेडच्या कराराचं.

नांदेडच्या एका व्यापाऱ्याशी वर्षभरात बारा गाड्या तूरडाळीचा सौदा ठरला. भाव फोनवर जमला, भाड्याचा विषय कुणीच काढला नाही. आम्ही हिशेब केला मिलवरच्या भावाचा. करार मात्र मीच जुन्या एका मसुद्यावरून टाईप केला, आणि त्यात ‘पोच माल’, म्हणजे माल पोचवायचं भाडं विकणाऱ्याकडे, हे शब्द तसेच राहिले. दोन्हीकडून सह्या झाल्या. पहिली गाडी भरताना ड्रायव्हरनं विचारलं, भाडं कोण देणार? तेव्हा कागद काढला आणि डोकं धरून बसलो. गाडीमागे दहा हजारांच्या वर, म्हणजे बारा गाड्यांना सव्वा लाख. डाळीत एवढी कमाई असते होय?

भाऊ म्हणाला, ‘दादा, पेनानं खोडून वर लिहू.’ वकीलसाहेबांनी तिथंच झापलं. समोरच्याच्या संमतीशिवाय महत्त्वाच्या अटीत खाडाखोड केली तर हातातला कागदही जाईल. बाकी ऐकून पोटात गोळाच आला. भारतीय करार कायदा, 1872, कलम 22 : एकाच बाजूची चूक एवढ्यानं करार रद्द होत नाही. विनिर्दिष्ट साहाय्य कायदा, 1963, कलम 26 खाली लेख, म्हणजे लिहिलेला करार, दुरुस्त करून मिळतो, पण फसवणूक किंवा दोघांची सारखीच चूक असेल तर. नांदेडवाल्यानं पोच समजूनच सही केली होती, मग त्याची चूक कसली? राहिलं करार कायद्याचं कलम 62, दोघं राजी असतील तर करार बदलता येतो.

म्हणून नांदेडला गेलो. हिशेबाची वही पुढे ठेवली आणि चूक माझी आहे हे आधीच सांगून टाकलं. शेठ बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘मालक, मी पुढं माल याच भावानं विकलाय. तीन गाड्या पोच द्या, चौथीपासून भाडं माझं.’

मूळ कराराची तारीख घालून वेगळा पुरवणी करार केला : फक्त भाड्याची अट बदलली, बाकी अटी कायम, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. तीन गाड्यांचं भाडं आम्ही सोसलं.

अजूनही गाडी निघाली की शेठचा फोन येतो, ‘मालक, या वेळी कागद वाचला का?’