प्रतिज्ञापत्रातील एक ओळ आणि पत्नीचा मामेभाऊ

इंदूरमध्ये माझी विद्युत कामांची लहानशी ठेकेदारी आहे. मागे येथील एका सरकारी कार्यालयाची निविदा भरताना डिजिटल सही, बयाणा रक्कम, अनुभवाचे दाखले हे सारे विनासायास पार पडले. अडले ते हितसंबंधांच्या प्रतिज्ञापत्रावर. ‘या खात्यात माझा कोणीही नातेवाईक कार्यरत नाही’ एवढाच त्या छापील नमुन्याचा आशय होता, आणि माझ्या पत्नीचा मामेभाऊ त्याच खात्यात कनिष्ठ अभियंता आहे.

नमुना ज्या अटीवरून बेतला होता ती मूळ अट मी काढून वाचली. केंद्रीय लोक निर्माण विभागाच्या कराराच्या सर्वसाधारण शर्तींनुसार, ज्या मंडळात, म्हणजे खात्याच्या काही कार्यालयांचा गट असलेल्या सर्कलमध्ये, ठेकेदाराचा जवळचा नातेवाईक विभागीय लेखापाल असेल किंवा कनिष्ठ अभियंत्यापासून अधीक्षक अभियंत्यापर्यंत कोणत्याही पदावर असेल, त्या मंडळाच्या कामांसाठी ठेकेदाराला निविदा भरता येत नाही. जवळच्या नातेवाइकांत आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे, भाऊ-बहिणी, काका-मामा, मावश्या-आत्या आणि चुलत-मामे भावंडे तर येतातच, शिवाय याच पायरीची सासरकडची नातीही येतात. इथल्या रामबाग-लोकमान्यनगरातल्या मराठी घरांना ही व्याख्या लावली, तर कोण कोणाचा नातेवाईक नाही हेच शोधावे लागेल. तरीही अट मंडळापुरती आहे. कार्यालयाने नमुना करताना ‘मंडळा’च्या जागी ‘खाते’ घालून टाकले होते.

मामेभावाचे कार्यालय याच शहरात असले तरी ते दुसऱ्या मंडळाखाली येते, असे तो स्वतः सांगत होता. मला ते कार्यालयाकडून लेखी हवे होते, आणि येथेच सारे रखडले. निविदा शाखेने आस्थापना शाखेकडे पाठवले, आस्थापना शाखेने ‘अटी स्वयंस्पष्ट आहेत’ म्हणून परत पाठवले. खिडकीवरच्या बाबूंचा सल्ला तर अगदी सोपा होता : “लिख दीजिए कोई नहीं है, कौन देखता है!” खोटे प्रतिज्ञापत्र उघडकीस आले तर मान्यताप्राप्त ठेकेदारांच्या यादीतून नाव माझे जाणार होते, त्यांचे नव्हे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नियम 175 प्रमाणे हितसंबंधांचा संघर्ष उघड करणे हा सचोटीच्या संहितेचाच भाग आहे. येथे मात्र उघड करायला नमुन्यात रकानाच नव्हता. वाक्य खोडून खरे लिहावे, तर नमुन्यात फेरफार केला म्हणून निविदा सशर्त ठरून बाद होण्याची धास्ती.

अखेर मी तोच प्रश्न निविदापूर्व बैठकीसाठी, म्हणजे निविदा भरण्याआधी ठेकेदारांच्या शंकांसाठी होणाऱ्या बैठकीसाठी, लेखी पाठवला, आणि ज्यांना तोंडी उत्तर देणे जमत नव्हते त्यांना तेथे उत्तर द्यावेच लागले : नमुना मूळ अटीसह वाचावा, आणि संबंधित कार्यालय या मंडळात येत नाही. हे उत्तर देणारे शुद्धिपत्रक निविदांच्या पोर्टलवर पाहिले तेव्हा काम मिळाल्याइतका आनंद झाला. (काम पुढे दुसऱ्याला गेले, ते दराच्या हिशेबात, आणि त्याबद्दल तक्रार नाही.) म्हणून अशी शंका कार्यालयात फिरवत बसू नये, निविदापूर्व प्रश्नांच्या मुदतीत लेखी विचारावी. नाते उघड करणारे पत्र मी नमुन्याला हात न लावता स्वतंत्रपणे जोडले. तेही तसेच करावे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ठेकेदाराकडे नोकरीवर निवृत्त सरकारी अभियंता असेल तर त्याची निवृत्तीची तारीख पाहावी, कारण त्याच सर्वसाधारण शर्तींनुसार अभियांत्रिकी खात्यातल्या राजपत्रित अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर ठरावीक काळ परवानगीशिवाय ठेकेदाराकडे काम करता येत नाही.

मला मात्र राग येतो तो याचा, की मामेभावाची चौकशी करणाऱ्या त्या नमुन्यात कामाचे अंदाजपत्रक कोणत्या सल्लागार कंपनीने केले आणि तिचे संचालक निविदा भरणाऱ्या एखाद्या कंपनीवरही आहेत काय, याबद्दल एक अक्षर नव्हते. वास्तविक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावे कोणालाही पाहता येतात, आणि अर्थ मंत्रालयाच्या खरेदी-मार्गदर्शिकेत कामाचा आराखडा किंवा तपशील ठरवण्यात सहभागी असलेल्याने त्याच कामाची निविदा भरणे हा संघर्षच मानला आहे. पुढच्या निविदेतही त्या कार्यालयाने तोच जुना नमुना जोडला होता. मी जुन्या शुद्धिपत्रकाची प्रत लावून तोच प्रश्न पुन्हा पाठवला आहे.