बारा पानांसाठी बारा छायाचित्रे

आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटाची भिंतीवरची दिनदर्शिका डिसेंबरच्या मध्यावर छपाईला जाते. त्याआधीचे दोन रविवार मुलुंडच्या एका घरात जमिनीवर प्रिंट पसरून वर्षभरातील सर्वोत्तम बारा खगोलीय छायाचित्रे निवडण्यात जातात. ही गोष्ट २०२४ च्या निवडीची आहे. सदस्यांनी स्वतः टिपलेली छायाचित्रे आणि जगभर गाजलेली छायाचित्रे आम्ही शेजारी शेजारी मांडतो, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारतो : हे टिपले कसे?

हा प्रश्न किती उपयोगी आहे ते वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या एका देखण्या छायाचित्राने दाखवून दिले. त्यात सेतूच्या मनोऱ्यामागे मनोऱ्याहून मोठा पूर्णचंद्र होता आणि पुढे वांद्रे किल्ल्याचे दगड स्पष्ट दिसत होते. चंद्राचा कोनीय व्यास साधारण अर्धा अंश असतो, म्हणून कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या सुमारे ११५ पट अंतरावरून पाहिली तरच ती चंद्राएवढी भासते. मनोरा सव्वाशे मीटरच्या आसपास उंच आहे, तेव्हा असे दृश्य टिपायला किमान चौदा किलोमीटर दूर उभे राहावे लागेल. किल्ल्याजवळून चंद्र मनोऱ्याच्या फार तर दहाव्या हिश्शाएवढा दिसेल. दोन वेगवेगळ्या भिंगांनी घेतलेली छायाचित्रे एकत्र केल्याचे पाठवणाऱ्याने विचारताच मोकळेपणाने सांगितले, पण मूळ टिपणात त्याचा उल्लेख नव्हता. ते छायाचित्र आम्ही बाजूला ठेवले आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटले, कारण रचना सुरेख होती.

याचा अर्थ जोडलेली छायाचित्रे त्याज्य आहेत असा मुळीच नाही. ग्रिनिचच्या रॉयल वेधशाळेच्या २००९ पासून चालू असलेल्या खगोल छायाचित्र स्पर्धेत २०२४ मध्ये सर्वोच्च ठरलेले रायन इम्पीरिओ यांचे छायाचित्र अनेक क्षण जोडूनच बनले आहे. ऑक्टोबर २०२३ च्या कंकणाकृती सूर्यग्रहणात चंद्राच्या डोंगरदऱ्यांमधून झिरपणाऱ्या प्रकाशाचे, म्हणजे बेलीच्या मण्यांचे, रूप कसे बदलत गेले ते त्यात क्रमाने दिसते. क्षण वेगवेगळे आहेत हे पाहणाऱ्याला कळते, आणि जोडल्यामुळे एका क्षणात न दिसणारी गोष्ट दिसू लागते. जोडण्याला मी एवढीच कसोटी लावीन.

रंगांवरून मात्र दरवर्षी वाद होतो. तेजोमेघांच्या, म्हणजे अवकाशातील वायू-धुळीच्या ढगांच्या, कित्येक प्रसिद्ध छायाचित्रांत गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिलेला असतो. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश खरे तर लालच असतो, पण गंधकाचाही लालच असल्याने दोन्ही वेगळे ओळखू यावेत म्हणून ही वाटणी केली जाते. आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांना ती फसवणूक वाटते. मला ती नकाशातील रंगांसारखी वाटते, फक्त नकाशाप्रमाणे सूची सोबत हवी. उलट १० मे २०२४ च्या तीव्र सौरवादळानंतर लडाखमधील हानले येथून कॅमेऱ्याने टिपलेली लाल आभा कोणीही रंगवलेली नव्हती. तो उंच, विरळ वातावरणातील ऑक्सिजनचाच प्रकाश होता, पण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. डोळ्यांना जे दिसले नाही ते खोटे, असे म्हणण्याची सोयच या छायाचित्राने ठेवली नाही, म्हणून ते जूनच्या पानावर गेले.

माझ्या मनात घर करून राहिलेले छायाचित्र मात्र जुने, म्हणजे त्याच स्पर्धेत २०२३ मध्ये पहिले आलेले आहे, त्यामुळे नियमानुसार ते २०२४ च्या निवडीत घेता येत नव्हते. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचे पहिले उत्तम छायाचित्र आयझॅक रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये घेतले, आणि त्यानंतर तिची असंख्य छायाचित्रे निघाली. तरीही तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या निळसर प्रकाशाची एक मोठी कमान आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. मार्सेल द्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी मंडळींनी नेमक्या त्याच तरंगलांबीचे फिल्टर लावून दीर्घकाळ प्रकाश साठवला आणि ती कमान उमटली. निवड करताना मी नकळत प्रत्येक छायाचित्र याच्याशी ताडून पाहते.

म्हणूनच फेब्रुवारीच्या पानासाठी मी हट्ट धरला. एकीकडे वांगणीच्या माळावरून घेतलेले, ताऱ्यांनी गच्च भरलेले आकाश होते. दुसरीकडे भांडुपच्या गच्चीवरून, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, फक्त हायड्रोजनचा प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरने टिपलेला, गुलाबाच्या फुलासारखा दिसणारा रोझेट तेजोमेघ होता. मुंबईच्या आकाशात तो डोळ्यांनी दिसण्याची शक्यता नाही. त्याची शंभर छायाचित्रे एकावर एक रचली की प्रकाश शंभरपट होतो, पण त्यातील यादृच्छिक गोंगाट, म्हणजे प्रकाशात मिसळणारे नको असलेले दाणे, दहापटच वाढतो, आणि त्या फरकातून पाकळ्यांची घडी वर येते. कडा थोड्या दाणेदार होत्या. तरी चर्चेअंती गच्चीच जिंकली, आणि वांगणीचे आकाश मार्चमध्ये गेले.

जून ते सप्टेंबर मुंबईचे आकाश ढगांनी बंद असते, म्हणून ती पाने आम्ही दूरच्या छायाचित्रांना देतो. इम्पीरिओ यांचे मणी सप्टेंबरमध्ये लागले. ऑक्टोबरसाठी चर्चाच झाली नाही. त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू १२ ऑक्टोबरला पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरवरून गेला, आणि पुढच्या आठवड्यात आमच्या एका मैत्रिणीने गोराईच्या किनाऱ्यावरून, ढगांच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत, समुद्रावर उतरणारी त्याची शेपूट टिपली. शेपूट पुसट आहे आणि खाली मच्छीमार होडीचा दिवा जरा जास्तच उजळला आहे. तो दिवा कमी करून देऊ का, असे तिने विचारले होते. आम्ही नको म्हटले, आणि पानाखाली किनारा, वेळ, भिंग आणि आठ सेकंदांचे एकच छायाचित्र, एवढे छापायला दिले.