तुम्ही विचारलंत म्हणून: थोरोंग लाच्या पलीकडचा उतार

नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किट हा ट्रेक करून आले हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ती खिंड म्हणे फार अवघड आहे. चढताना काय काय झालं?" समोरच्याला विरळ हवा, डोकेदुखी, मागे फिरावंसं वाटणं असं काहीतरी ऐकायचं असतं. थोडंफार झालंही तसं. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगते. त्या दिवसाने माझा घाम काढला तो खिंड ओलांडल्यावर, सगळे "झालं एकदाचं!" म्हणून एकमेकांच्या गळ्यात पडून मोकळे झाल्यानंतर.

खिंडीचं नाव थोरोंग ला. तिबेटी भाषेत 'ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'थोरोंग ला पास' म्हणणं म्हणजे पिवळा पितांबर. उंची ५,४१६ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. आम्ही निघालो थोरोंग फेदीहून, साधारण साडेचार हजार मीटरवरून, म्हणजे चढ नऊशेच्या आसपास. दुपारी खिंडीत वारा माजतो म्हणून पहाटे चारलाच बॅटऱ्या डोक्याला लावून सगळी रांग वर सरकायला लागली. आमचे गाइड दाइ (नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ, आपली दाई नव्हे) दर दहा मिनिटांनी मागे वळून म्हणत, "बिस्तारै, दिदी, बिस्तारै." सावकाश. एक पाऊल, एक श्वास. पाण्याची बाटली उलटी खोचली होती, कारण बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि मग ऐन वेळी झाकण उघडत नाही. ही आली खिंड असं वाटून चार वेळा फसले. पण चढाला एक ताल असतो. तो सापडला की डोकं बंद ठेवता येतं, आणि त्याआधी खिंडीच्या अलीकडच्या मनांग गावात दोन रात्री राहून शरीर उंचीला सरावलेलं होतं.

खिंडीत पताका, पाटी, चहाचं एक खोपट. फोटोंची झुंबड. माझी चूक झाली ती इथे.

उताराला लागण्याआधी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायच्या असतात. टाच मागे पक्की बसवायची, घोट्यापाशी आवळून घ्यायचं, म्हणजे पाय पुढे घसरत नाही. हे मला ठाऊक होतं. पण हातमोजे काढले की पाचव्या मिनिटाला बोटं लाकडासारखी होत होती, आणि मैत्रीण फोटोसाठी हाका मारत होती. म्हटलं, खाली बांधू.

त्या बाजूचा उतार मुक्तिनाथ या देवस्थानापर्यंत सोळाशे मीटरचा आहे, आणि तो एका दमात. बहुतेक लोक सर्किट मनांगकडून मुक्तिनाथकडे करतात ते उगाच नाही. उलट बाजूने आलं तर हाच उतार एका दिवसात चढावा लागतो, मध्ये नीटसा मुक्काम नाही. त्याचा चढ करायला कोणी धजत नाही आणि उतार मात्र कोणी मोजत नाही, हे मला अजूनही विचित्र वाटतं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष इथवर पोचून बर्फाचं वादळ झालं आणि या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यांतले कित्येक जण खिंड ओलांडून याच उताराला लागले होते.

आम्हाला हवा लखलखीत मिळाली. समोर धौलागिरी, खाली मुस्तांग भागाचे तपकिरी, उघडेबोडके डोंगर. हे मी मैत्रिणीने सांगितलं म्हणून पाहिलं. माझी नजर पायाखालच्या घसाऱ्यावर. पहिल्या तासात मांड्या थरथरायला लागल्या. चढताना स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांबत असताना वजन पेलत प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो, आणि त्यात त्याचे तंतू आतून बारीक बारीक फाटतात. दम लागत नाही, म्हणून आपण थांबत नाही. चढावर श्वास तरी दटावून बसवतो. इथे मी तशीच जात राहिले.

आणि दर पावलाला उजव्या पायाचा अंगठा बुटाच्या टोकावर. ठक. ठक. नखं कापलेली नव्हती, तीही माझीच चूक. शेवटी एका वळणावर बसले, बूट काढला, मोजा काढवेना. चिकटला होता. दाइंनी काही न बोलता पाणी ओतून तो सोडवला. नखाखाली जांभळं रक्त साकळून नख वर उचललं गेलं होतं. त्यांनी अंगठ्याला पट्टी गुंडाळली, टाच मागे दाबून धरली आणि नाड्या स्वतः बांधल्या, लहान मुलीच्या बांधाव्यात तशा. मला लाजही वाटली आणि रडूही आलं. खिंडीत आलं नव्हतं.

उरलेला उतार आडवी होऊन, खेकड्यासारखी उतरले. दोन्ही काठ्या खाली टेकवायच्या, मग डावा पाय, मग उजवा. मुक्तिनाथला पोचले तेव्हा ऊन कलंडलं होतं. देवळातल्या १०८ धारांचं दर्शन मी दुसऱ्या दिवसावर ढकललं, कारण तिथे जायला पायऱ्या आहेत.

सकाळी लॉजचा जिना उतरायचा होता. मांड्यांची खरी दुखणी एक-दोन दिवसांनी कळसाला पोचतात हे मला माहीत होतं, पण जिन्याला नव्हतं. मी कठडा धरून उलटी, पाठमोरी उतरत होते. खाली दाइ चहा पीत बसलेले. त्यांनी वर पाहिलं, पेला बाजूला ठेवला.

"बिस्तारै, दिदी."