हरभरा पेरून झाल्यावर आलेले पैसे

अतिवृष्टीसाठी सरकारनं किती कोटी दिले, यावर टीव्हीवर तास तास भांडणं चालतात. आमच्या सेवा केंद्राच्या पायरीवर तो आकडा कोणी काढत नाही. तिथं विचारतात, "ताई, कधी येतीन?"

यवतमाळ जिल्ह्यात अरुणावती नदीच्या पट्ट्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. घरचं वावर आहे, सोयाबीन, तूर नि थोडी पऱ्हाटी. नुकसानीच्या मदतीच्या यादीत माझ्या सासऱ्यांचंही नाव असतं, आणि ओळख पटवायला मशीनवर त्यांचा अंगठा मीच घेते.

पाऊस पडून गेला की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामे करतात. यादी तहसीलमधून पोर्टलवर चढते, प्रत्येक कास्तकाराला एक विशिष्ट क्रमांक पडतो. तो क्रमांक मी टाकला की नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम समोर येते. बरोबर असेल तर अंगठा, चुकलं असेल तर तक्रार नोंदवायची आणि ती परत तहसीलात. मग वाट पाहायची.

अंगठ्याचं तर विचारूच नका. सोयाबीनची सवंगणी नि कापसाची वेचणी करून बायांच्या बोटांवर रेघा शिल्लकच राहत नाहीत. एका काकूंना मी आधी साबणानं हात धुवायला लावले, मग खोबरेल चोळलं, मग ओल्या फडक्यानं पुसलं. दहाही बोटं लावून झाली, मशीन लाल ते लालच. काकू म्हणाल्या, "सरकारले माह्यं बोट नाही दिसत, तं वावर का दिसन वो?" शेवटी डोळ्याच्या मशीनवर जमलं. 2025 मध्ये फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) असलेल्यांना या ई-केवायसीतून, म्हणजे अंगठ्यानं ओळख पटवण्यातून, सूट मिळाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला असेल.

आता जे लोकांना फारसं माहीत नसतं ते सांगते. आपत्तीचा पैसा पाऊस पडल्यावर गोळा करायचा नसतो. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक राज्याकडे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. वित्त आयोग पाच-पाच वर्षांचं आधीच ठरवून देतो. आपल्यासारख्या राज्यात त्यातले 75 टक्के केंद्राचे, 25 टक्के राज्याचे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना केंद्राचे 90 टक्के. केंद्राचा वाटा वर्षातून दोन हप्त्यांत येतो. 2021 ते 2026 या काळासाठी सगळ्या राज्यांचा मिळून हा निधी 1,28,122 कोटींचा धरला होता, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा. तेवढ्यानं भागलं नाही तर राज्यानं दिल्लीला निवेदन द्यायचं, केंद्राचं पथक बांधावर येणार, मग राष्ट्रीय निधीतून वरचं मिळणार. पथक यायला उशीर झाला म्हणून पहिला रुपया अडायचं काही कारण नाही. पहिला रुपया राज्याच्या हातात असतो.

तरी तो अडतो, कारण मधे मोजमाप आहे. महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, मुख्य गावी बसवलेल्या पर्जन्यमापकात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाणी पडलं तर अतिवृष्टी. आमच्या नाल्यावर ढग फुटला आणि मंडळाच्या गावी नुसता भुरभुर पाऊस असला, की वाद सुरू. पीक 33 टक्के तरी गेलेलं हवं. (2015 पर्यंत ही अट 50 टक्क्यांची होती, म्हणजे हे सुधारलेलं रूप आहे बाप्पा.) वावरात गाळ आला असेल तर त्याचा थर तीन इंचांच्या वर पाहिजे. आमच्या शेजारच्या धुऱ्यावर कृषी सहायक तुराटी गाळात खुपसून बोटानं खूण करत होते, आणि घरचा म्हातारा म्हणत होता, "साहेब, तिकडं खोलगट हाये, तिकडं खुपसा न." साहेबही भला माणूस, तिकडं गेला. पण पाच-सहा गावं एकट्याच्या गळ्यात असलेला माणूस किती धुरे फिरेल?

दर हेक्टरी, आणि तोही हंगामागणिक बदलतो. 2022 मध्ये राज्यानं जिरायतीला 13,600 दिले, तीन हेक्टरपर्यंत. 2025 च्या उन्हाळ्यात पुन्हा केंद्राच्या दरावर आलो: 8,500, दोन हेक्टरपर्यंत. ऑक्टोबर 2025 मध्ये 31,628 कोटींचं पॅकेज आलं तेव्हा परत तीन हेक्टर, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 वेगळे. त्या 31,628 कोटींत रस्ते-पुलांची दुरुस्तीही होती, विम्याची येऊ घातलेली रक्कमही धरली होती. आमच्या पारावर एक जण ती रक्कम राज्यातल्या कास्तकारांच्या संख्येनं भागत बसला होता. त्याला म्हटलं, भाऊ, सोडून दे. तू तुझे एकर मोज. 8,500 म्हणजे एकराला 3,400. सवंगणीचा गुत्ताच जवळपास तेवढा जातो.

रक्कम कमी आहे हे मला मान्य आहे, पण माझी तक्रार ती नाही. सरकारच्या कागदात या पैशाला निविष्ठा अनुदान म्हणतात. म्हणजे पुढच्या पेरणीच्या बियाण्या-खतासाठी. मग तो हरभरा पेरायच्या आधी यायला नको? ऑक्टोबरात ओल असते, नोव्हेंबर अर्धा झाला की वाफसा जातो. यादी लागली, अंगठा झाला, तक्रार झाली, दुरुस्ती झाली, तोवर माणसानं कृषी केंद्रातून उधारीवर बॅग आणून पेरलेलं असतं. मग जे पैसे येतात ते दुकानदाराच्या वहीत जातात, व्याजासकट. एका बँकेनं तर आलेल्या रकमेवर पीककर्जापोटी होल्ड लावला. मदतीची रक्कम कर्जात वळती करायची नाही असा आदेश असताना.

मक्त्यानं, म्हणजे दुसऱ्याचं वावर भाड्यानं, करणाऱ्यांचं तर नावच नाही. सातबारा ज्याचा, पैसा त्याचा. मालक पुण्याला, मक्ता पेरणीआधीच रोख देऊन झालेला, बुडालं ते मक्तेदाराचं. चांगला मालक असला तर निम्मे पाठवतो. नसला तर फोन उचलत नाही.

"करदात्यांचा पैसा किती दिवस वाटायचा" असं लिहिणारे असतात, काही तर आमच्याच गावातून शिकून गेलेले. एकाचं घर जळालं तर गाव उभं राहतं, आम्ही पाहिलंय. पण तालुकाच बुडाला तर कोणी कोणाला उसने द्यायचे? दुकानदार बुडालेला, मजुराला काम नाही, जावयाचंही वावर त्याच नाल्यावर. जो त्या पाण्याच्या बाहेर उभा आहे असा एकच, सरकार. 2025 मध्ये पीक विम्यातूनही स्थानिक आपत्तीची भरपाई गेली, मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरच काय ते ठरायला लागलं. त्यामुळे हा निधीच काय तो आधार.

माझं म्हणणं असं: ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पेऱ्याच्या नोंदीत, कोणी काय पेरलं हे नोंदलेलं असतं. मंडळात अतिवृष्टी लागली की त्या पेऱ्यावर अर्धी रक्कम लगेच टाकावी, उरलेली पंचनाम्यानंतर. काही चुकीच्या खात्यात जाईल. आताही जातेच.

तोवर, माझ्याकडे येणाऱ्यांनी एवढं तरी करून ठेवा. खातं आधारला जोडलंय का ते बँकेत बघा, कारण पैसे त्याच खात्यात पडतात. सामायिक सातबारा असेल तर कोणाच्या नावावर घ्यायचे याचं संमतिपत्र भावाभावांत भांडण नसताना लिहून घ्या. आणि सातबारा अजून वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर वारस फेरफार या उन्हाळ्यातच टाका. यादीत त्यांचं नाव येतं, क्रमांक पडतो, पण अंगठा कोणाचा घ्यायचा ते मला पोर्टल सांगत नाही.