केसी-१३५ च्या पोटाखाली: डीसीएसमध्ये हवेत इंधन घेण्याची माझी पद्धत

डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये एफ-१६ ला केसी-१३५ या टँकरकडून, म्हणजे हवेत इंधन देणाऱ्या विमानाकडून, इंधन घेता येत नाही, अशी तक्रार कुणी केली की मी आधी त्याची मिशन फाइल मागतो. हात कसा चालतो ते नंतर बघायचं. निम्मा घोळ मिशन एडिटरमध्येच, म्हणजे उड्डाणाचा प्रसंग मांडायच्या भागातच, झालेला असतो: टँकर भलत्याच वेगाने उडत असतो, सारखा वळत असतो, किंवा आपल्या विमानाला चालणारा टँकरच नसतो.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ. हवेत इंधन देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत टँकरच्या शेपटीखालची बूम, म्हणजे कडक नळी, टँकरवरचा ऑपरेटर हलवतो आणि खालच्या विमानाच्या खाचेत बसवतो. दुसरीत टँकर लवचीक नळीच्या टोकाला टोपली सोडतो आणि वैमानिक आपल्या विमानाची दांडी, म्हणजे प्रोब, तिच्यात घालतो. एफ-१६ ची खाच पाठीवर, कॉकपिटच्या मागे आहे, म्हणून तिला बूमच लागते. एफ/ए-१८ ला, म्हणजे हॉर्नेटला, टोपली लागते. एडिटरमधला साधा केसी-१३५ बूमवाला आहे. हॉर्नेटसाठी केसी-१३५ एमपीआरएस, केसी-१३० किंवा एस-३बी टँकर निवडावा लागतो. भारतीय हवाई दलाची इल्युशिन-७८ टोपलीवाली आहेत आणि लोहगावची सुखोई-३० प्रोबवाली. तशा धर्तीचा सराव हवा असेल तर डीसीएसमध्ये आयएल-७८एम आणि सुखोई-३३ ही जोडी घ्यावी. इथून पुढचं सगळं एफ-१६ आणि केसी-१३५ बद्दल आहे.

एडिटरमध्ये आपल्याच बाजूच्या देशाचा विमान-गट टाकून टास्क ‘रिफ्युएलिंग’ निवडायचं. टास्क आधी निवडलं की विमानांच्या यादीत टँकरच दिसतात आणि पहिल्या वेपॉइंटवर, म्हणजे मार्गावरच्या पहिल्या बिंदूवर, ‘टँकर’ ही कामगिरी आपोआप लागते. गटात विमान एकच ठेवायचं. टँकरच्या रेडिओची फ्रिक्वेन्सी मी २५१.००० एएम ठेवतो. एफ-१६ चा पहिला रेडिओ यूएचएफ, म्हणजे याच पट्ट्यातला, आहे, त्यामुळे ती थेट लागते.

उंची २०,००० फूट. आता वेग, आणि इथे सर्वाधिक लोक अडकतात. बूमखाली एफ-१६ साठी ३१० नॉट (तासाला सागरी मैल) हा ठरलेला वेग आहे, पण तो कॉकपिटच्या वेगदर्शकावरचा. एडिटरमध्ये टाकलेला वेग जमिनीच्या संदर्भात धरला जातो. २०,००० फुटांवर हवा विरळ असल्याने वेगदर्शकावर ३१० दिसण्यासाठी विमान प्रत्यक्षात साधारण ४१५ नॉटने जावं लागतं. एडिटरमध्ये नुसते ३१० लिहिले तर टँकर वेगदर्शकावर २३० च्या आसपास रेंगाळतो. भरलेल्या टाक्या आणि शस्त्रं घेतलेली एफ-१६ मग नाक वर करून, जड अंगाने त्याच्यामागे लोंबकळते. थ्रॉटलला प्रतिसाद उशिरा मिळतो आणि दोष हाताला दिला जातो. सरावाच्या मिशनमध्ये वारा आणि टर्ब्युलन्स दोन्ही शून्य ठेवावेत, म्हणजे ४१५ चा हिशोब बिघडत नाही.

यानंतर पहिल्या वेपॉइंटवर ‘ऑर्बिट’ कामगिरी जोडायची, प्रकार ‘रेस-ट्रॅक’. टँकर मग या आणि पुढच्या वेपॉइंटच्या दरम्यान फेऱ्या मारतो. ऑर्बिटच्या चौकटीत वेग आणि उंची पुन्हा वेगळी भरावी लागते. वेपॉइंटवर ४१५ आणि ऑर्बिटमध्ये भलताच आकडा राहिला, तर फेऱ्या सुरू होताच टँकर वेग बदलतो. दोन वेपॉइंटमधलं अंतर मी ६० सागरी मैल ठेवतो. ४१५ नॉटने मिनिटाला सुमारे सात मैल जातात, म्हणजे वळणाआधी साडेआठ मिनिटं सरळ उड्डाण मिळतं. २० मैलांची धाव ठेवली तर तीन मिनिटांत वळण येतं, आणि नवशिक्याला स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो.

टँकरवर टॅकनचा, म्हणजे त्याची दिशा आणि अंतर दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेचा, चॅनेल वाय बँडवर चालू करायचा आणि विमानातही तोच चॅनेल, तोच बँड टाकायचा. एफ-१६ मध्ये टॅकनच्या पानावर ० दाबून एंटर केलं की एक्सचा वाय होतो. बँड एक्सवरच राहिला तर टँकरचं अंतर दिसत नाही. मिशनच्या पर्यायांत ‘अनलिमिटेड फ्युएल’ बंद असल्याची खात्री करावी.

हौशी मंडळींनी बनवलेला एखादा टँकर जोडायचा असेल, तर त्याचा फोल्डर ‘सेव्ह्ड गेम्स’मधल्या डीसीएसच्या ‘मॉड्स’ फोल्डरात, ‘एअरक्राफ्ट’खाली जातो. झिप उघडताना फोल्डरात फोल्डर तयार होतो आणि ‘एन्ट्री.लुआ’ ही फाइल एक पायरी आत जाते. विमान यादीत न दिसण्याचं हे नेहमीचं कारण. ती फाइल विमानाच्या फोल्डरात थेट हवी. तरीही दिसलं नाही तर ‘लॉग्ज’मधली डीसीएस.लॉग उघडून त्या फोल्डराचं नाव शोधावं.

जॉयस्टिकचीही थोडी तयारी लागते. खऱ्या एफ-१६ ची स्टिक जेमतेम हलते, ती हाताचा दाब मोजते. टेबलावरची स्टिक भरपूर हलते, म्हणून पिच (नाक वर-खाली) आणि रोल (पंखांचा कल) यांना सेटिंगमध्ये १५ ते २० ची वक्रता देतो, म्हणजे मधल्या भागात स्टिकचा परिणाम मऊ होतो. थ्रॉटलला वक्रता देत नाही, कारण तिथे प्रत्येक मिलिमीटरचा परिणाम सारखाच हवा.

आता उड्डाण. टँकरला ‘इंटेंट टू रिफ्युएल’ सांगून १,००० फूट खालून जवळ जायचं आणि त्याच्या डाव्या पंखाबाहेर थांबायचं. मास्टर आर्म (शस्त्रांचा मुख्य स्विच) सेफ, रडार शांत. डाव्या कन्सोलवरच्या इंधन पॅनेलवरचा एअर रिफ्युएल स्विच इथेच उघडतो, बूमखाली गेल्यावर नाही. खाच उघडली की बाहेरच्या टाक्यांमधला दाब उतरू लागतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. दाब उतरला नसेल तर त्या टाक्या नीट भरत नाहीत. शिवाय खाच उघडी असताना ४०० नॉटच्या खाली विमानाची नियंत्रणप्रणाली उड्डाण-अवतरणाच्या मऊ प्रतिसादावर येते. तो बदल हाताला आधीच ओळखीचा झालेला बरा. समोर उजवीकडच्या इंडेक्सरवर, म्हणजे छोट्या दिव्यांच्या पट्टीवर, निळा ‘आरडीवाय’ (रेडी) लागला की खाच तयार.

प्री-कॉन्टॅक्ट म्हणजे बूमच्या मागे ५० फूट आणि किंचित खाली. अख्ख्या प्रक्रियेत मी सर्वांत जास्त महत्त्व या जागेला देतो. इथे विमान हलत-डुलत असताना ‘रेडी प्री-कॉन्टॅक्ट’ म्हटलं तर पुढे ते डोलणं वाढतच जातं. टँकर काचेत एकाच आकाराचा, एकाच जागी दिसेपर्यंत थांबावं. एफ-१६ स्वतःच ट्रिम होते, म्हणजे आपला तोल आपणच राखते, म्हणून स्टिक सैल धरली तरी ती तिथेच राहते. नडतो तो थ्रॉटल. इंजिनाचा परिणाम दिसायला क्षण जातो आणि तोवर माणूस आणखी ढकलतो. त्यामुळे किंचित पुढे, लगेच त्यातलं अर्धं मागे, मग वाट. पुढची हालचाल आधीचीचा परिणाम दिसल्यावरच.

परवानगी मिळाली की सेकंदाला एक फूट या गतीने पुढे सरकायचं. बूमच्या टोकाकडे बघायचं नाही. ती ऑपरेटरची जबाबदारी, आणि तिच्याकडे बघणारा तिच्यामागे स्टिक हलवू लागतो. टँकरच्या पोटावर लांबीभर पिवळा पट्टा आहे, तो मध्यावर धरायचा. पट्ट्याच्या दोन बाजूंना दिव्यांच्या दोन रांगा आहेत: डावी वर-खालीसाठी, उजवी पुढे-मागेसाठी. कुठे जायला हवं ते दिवे सांगतात. म्हणजे उजव्या रांगेत ‘एफ’च्या (फॉरवर्ड) बाजूचा दिवा पेटला तर पुढे जायचं. दोन्ही रांगांत मधला हिरवा असेल तर जागा बरोबर. एका वेळी एकच रांग सुधारावी, आधी डावी. उंची बदलली की अंतरही थोडं बदलतं, त्यामुळे उजवीपासून सुरुवात केली तर तेच काम पुन्हा करावं लागतं.

जोडणी झाली की इंडेक्सरवर हिरवा ‘एआर’ येतो. इंधन चढू लागलं की विमान जड होतं आणि हळूहळू मागे पडतं. दिवा ‘एफ’कडे झुकण्याची वाट न बघता अधूनमधून थ्रॉटल कणभर वाढवत राहावं. बूम सुटली तर पिवळा ‘डिस्क’ दिसतो आणि काही सेकंदांत पुन्हा निळा येतो. अशा वेळी तिथल्या तिथे नाक खुपसू नये. सरळ ५० फूट मागे, स्थिर, आणि मगच पुन्हा पुढे. वळणात सुटली तरी हेच. वळणात टँकरच्या पंखाच्या कलाशी आपला कल जुळवायचा, क्षितिजाकडे बघायचं नाही.

पुरेसं इंधन झालं की स्टिकवरचं डिस्कनेक्ट बटण दाबून आधी मागे यायचं, थोडं खाली उतरायचं आणि मग टँकरच्या उजव्या पंखाबाहेर जायचं. तिथे एअर रिफ्युएल स्विच बंद करून निळा दिवा विझल्याचं बघायचं. खाच उघडी राहिली तर बाहेरच्या टाक्यांना दाब मिळत नाही. त्या भरलेल्याच राहतात, विमान आतलं इंधन जाळत राहतं आणि अर्ध्या तासाने बिंगोचा, म्हणजे इंधन कमी उरल्याचा, इशारा कानावर येतो.