दहा पौंडांची उधारी

स्कॉटलंडमधल्या एडिंबरातला माझा पहिला पत्ता कॅननगेटवरच्या शहर-संग्रहालयाचा होता. काचेआड एक छोटासा गळपट्टा ठेवलाय. त्यावर कोरलंय : ‘ग्रेफ्रायर्स बॉबी, लॉर्ड प्रोव्होस्टकडून, १८६७, परवाना काढलेला’. मालकाच्या थडग्याजवळ वर्षानुवर्षं राहिलेल्या त्या कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मी आले होते पट्टा देणाऱ्यासाठी. लॉर्ड प्रोव्होस्ट म्हणजे इथला महापौर, आणि त्या वर्षी त्या खुर्चीत विल्यम चेंबर्स होता. आमच्या आजोबांच्या टेबलावर कायम असणारी जाडजूड चेंबर्स डिक्शनरी ज्या प्रकाशनाची, ते त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, रॉबर्टनं उभं केलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स ६२ बस पकडून पीबल्सला गेले. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या आणि मेंढ्या. ट्वीड नदीकाठचं हे टुमदार गाव. बिगीझनो नावाच्या गल्लीत चेंबर्स भावांचं जन्मघर अजून आहे. विल्यमचा जन्म १८०० चा. वडील सुती कापडाच्या धंद्यात होते. यंत्रमाग आले आणि हातमागाची कमाई आटली, म्हणून त्यांनी कापडाचं दुकान टाकलं. नेपोलियनशी लढाई चालू होती आणि पकडलेले फ्रेंच अधिकारी वचनावर गावात मोकळे राहत होते. वडिलांनी त्यांना भरपूर माल उधार दिला. १८११ मध्ये कैद्यांना दुसऱ्या गावी हलवलं आणि उधारी बुडाली ती बुडालीच. दुकान गेलं, घर मोडलं आणि कुटुंब एडिंबरात आलं. त्या दारासमोर उभी असताना मला आमच्या गावाकडचे वाणी आठवत होते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी किती जणांच्या पोळलेल्या हातांनी लिहिली गेली असेल!

याच गावाला विल्यमनं १८५९ मध्ये वाचनालय, संग्रहालय आणि सभागृह असलेली इमारत दिली. आत एका खोलीत अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरच्या शिल्पपटांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती भिंतीभर लावल्या आहेत. विणकरांच्या गावातल्या पोरांना अथेन्सला न जाता ते घोडेस्वार बघता यावेत, असं वाटणारा माणूस मला फार जवळचा वाटला. मी तिथे ठरवलं होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ बसून राहिले.

एडिंबराला परतल्यावर लीथ वॉक हा रस्ता पूर्ण पायी उतरले. आता इथे कॅफे आहेत, किराणा दुकानं आहेत, मधून ट्राम जाते. विल्यमच्या पहिल्या पुस्तकदुकानाची जागा काही मला सापडली नाही, पण त्याचं तरुणपण याच परिसरातलं. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारीला लागला. पाच वर्षांचा करार, आठवड्याला चार शिलिंग. राहायला वेस्ट पोर्टमधली पोटमाळ्यावरची खोली. पहाटे पाचला तो एका पाववाल्याकडे जाई. कणीक मळता मळता मालकाला आणि त्याच्या मुलांना गोष्टी ऐकायच्या असत. खिडकीत घडी घातलेल्या पोत्यावर बसून, बाटलीत खोचलेल्या मेणबत्तीच्या उजेडात हा पोरगा वाचून दाखवी. मजुरी म्हणजे भट्टीतून नुकताच काढलेला एक गरम पाव.

१८१९ मध्ये करार संपला. लंडनच्या एका पुस्तकव्यापाऱ्याचा माणूस शहरात लिलावासाठी आला होता. विल्यमनं त्याला मदत केली आणि त्या माणसानं विश्वासानं त्याला दहा पौंडांची पुस्तकं उधार दिली. ती त्यानं हातगाडीवरून स्वतः ढकलत आणली आणि दुकान मांडलं. ज्या उधारीनं बापाचं दुकान बुडालं, तिच्यावरच लेकाचं उभं राहिलं. पुढे तीन पौंडांना एक जुनं हातयंत्र घेऊन स्वतःच छपाईचे खिळे जुळवायला, छापायला आणि बांधणी करायला तो शिकला. १८३२ मध्ये दीड पेनीचं साप्ताहिक सुरू केलं. कारागिराला परवडेल अशा किमतीत वाचण्याजोगं काहीतरी द्यायचं, एवढा साधा विचार. तो हजारो घरांत पोचला.

हाय स्ट्रीटवरच्या पेझली क्लोज या बोळाच्या तोंडाशी, कमानीवर एका मुलाचा चेहरा कोरलाय. १८६१ च्या नोव्हेंबरात इथली जुनी उंच इमारत रात्री कोसळून ३५ माणसं मेली. ढिगाऱ्याखालून त्या मुलाचा आवाज आला, ‘हलवा रे, मी अजून मेलो नाही!’ आणि तो वाचला. मान वर करून वाचताना अंगावर काटा आला. पुढच्याच वर्षी शहरानं डॉ. हेन्री लिटलजॉन यांना आरोग्य अधिकारी नेमलं. जुन्या वस्तीतल्या दाटीवर त्यांचा अहवाल १८६५ मध्ये आला आणि त्याच वर्षी चेंबर्स लॉर्ड प्रोव्होस्ट झाला. पोटमाळ्यावर राहिलेल्या माणसाला त्या अहवालातली हवा नाकानं ठाऊक होती. १८६७ चा सुधारणा कायदा त्यानं नेटानं मंजूर करून घेतला. बोळ पाडले, सेंट मेरीज स्ट्रीट आणि ब्लॅकफ्रायर्स स्ट्रीट रुंद केले, आणि एक नवा रस्ता काढला, तोच चेंबर्स स्ट्रीट.

या रस्त्यावर मी दोनदा, तीनदा फिरले. राष्ट्रीय संग्रहालयासमोर त्याचा पुतळा आहे. गर्दी मात्र कोपऱ्यावरच्या बॉबीपाशी. रस्ता ऐसपैस आहे, ऊन थेट फरशीवर पडतं. तरीही पाडलेल्या घरांतली माणसं कुठे गेली हा प्रश्न मला सोडेना. पुष्कळांना नव्या घरांचं भाडं परवडणारं नव्हतं, ती शेजारच्या दाटीत शिरली. नंतर नगररचनाकार पॅट्रिक गेडिस याच जुन्या वस्तीत येऊन राहिले आणि सरसकट पाडण्याऐवजी घरं दुरुस्त करून वस्ती जगवण्याचा आग्रह धरू लागले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आले ते हेच गेडिस. मला गेडिसांचं पटतं. पण पेझली क्लोजच्या कमानीखाली उभं राहिल्यावर चेंबर्सची घाईही कळते.

शेवटच्या दुपारी सेंट जाइल्समध्ये गेले. या चर्चच्या पोटात भिंती घालून वेगवेगळी चर्चं केलेली होती. १८७२ पासून चेंबर्सनं पदरच्या पैशानं त्या भिंती काढवल्या आणि वास्तू पुन्हा एकसंध केली. २३ मे १८८३ ला ती समारंभानं उघडायची होती. २० मे ला तो गेला. २५ तारखेला त्याच मोकळ्या झालेल्या चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी झाला आणि मग त्याला पीबल्सला नेलं, बिगीझनोच्या त्या गल्लीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मनोऱ्यापाशी.

मी एका बाकावर बसले. खांबांमधून नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही अडत नव्हती.