तुम्ही विचारलंत म्हणून: रेंज फुल, मग नेट का अडकतं?

फाइव्ह-जीच्या सगळ्या काड्या भरलेल्या, तरी व्हिडिओ गोल गोल फिरतो. हे कसं, असं तुम्ही नेहमी विचारता. काड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय ते दाखवतात. त्याच टॉवरवर आणखी किती फोन लटकलेत, हे त्यांना माहीत नसतं.

कोणत्या लहरी निवडल्या, यावर बरंच ठरतं. ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा दूर जातो, भिंतीतून आत शिरतो. २०१६ आणि २०२१च्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांच्या, लिलावांत त्याला गिऱ्हाईकच मिळालं नाही. २०२२ मध्ये एकट्या जिओने तो घेतला, पण दर सर्कलला (टेलिकॉमच्या विभागाला) जाण्यायेण्याचे १०-१० मेगाहर्ट्‌झच. ३३०० च्या पट्ट्यात त्याच लिलावात जिओला १०० मिळाले. म्हणजे पल्ला एकीकडे, रुंदी (एका वेळी जास्त डेटा नेण्याची जागा) दुसरीकडे.

अँटेनाचंही तसंच. आतले घटक साधारण अर्ध्या लहरीच्या अंतरावर बसवतात. ३३०० च्या पट्ट्यातल्याच ३५०० मेगाहर्ट्‌झला हे अंतर सव्वाचार सेंटिमीटर, ७०० ला एकवीस. त्यामुळे वरच्या पट्ट्यातली आठ रांगांची पेटी खांबावर सहज मावते आणि एकच फ्रिक्वेन्सी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांच्या फोनना देते. तीच ७०० साठी बनवली तर पावणेदोन मीटर रुंद होईल; वाऱ्यात ती खांबावर कोण टिकवणार?

पण ३५०० भिंतीपाशी दमतो, आणि आधी दमतो तो तुमचा फोन. त्याची ताकद साधारण ०.२ वॉट, टॉवरची त्याच्या शेकडो पट. टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला नाही. म्हणून काड्या भरलेल्या आणि पान उघडत नाही.

गर्दी आणि भिंत झाली; तिसरी अडचण टॉवरच्या मागे, त्याला इंटरनेटशी जोडणाऱ्या वाटेत असते, आणि मला तीच सगळ्यात जास्त खुपते. फायबर नसेल तर टॉवर मायक्रोवेव्ह डिशने जोडतात. २८ मेगाहर्ट्‌झच्या एका चॅनेलमधून २०० एमबीपीएसच्या आसपास जातं. समोर तीन सेक्टर (टॉवरच्या तीन दिशांचे भाग) मिळून एक जीबीपीएसच्या, म्हणजे हजार एमबीपीएसच्या पुढे द्यायला तयार, मागे ही चिंचोळी वाट! महागडे स्पेक्ट्रम घेऊन फायबर टाकण्यात मागे राहणं मला पटत नाही.

घरी तपासायचं तर स्पीड टेस्ट दोनदा घ्या, रात्री नऊला आणि पहाटे चारला. डाउनलोड बरा पण अपलोड मेलेला असेल तर भिंत आडवी येतेय. खिडकीशी जा किंवा निदान कॉलसाठी वायफाय कॉलिंग लावा. नऊला दोन्ही रडतात, पहाटे पळतात, तर गर्दी आहे. थोडा वेळ फोन फोर-जीवर टाकून बघा.